अमेरिकेत कनेक्टिंग फ्लाइट असेल तर इमिग्रेशन कुठे होतं?

ऋतुजा_के: आई पहिल्यांदाच एकटी येतेय माझ्याकडे. फ्रँकफर्ट, मग शिकागो, तिथून डेन्व्हर, सगळं एकाच पीएनआरवर. इंडियन पासपोर्ट, बी१/बी२ व्हिसा. फ्रँकफर्टला पण इमिग्रेशन असतं का? आणि बॅगा डायरेक्ट डेन्व्हरलाच मिळतील ना? शिकागोत सव्वादोन तास आहेत, तिला इंग्रजी समजतं पण पटकन बोलता येत नाही, जाम टेन्शन आलंय.

मुशाफिर: फ्रँकफर्टला नाही. ट्रान्झिटमध्येच राहायचं, सिक्युरिटी चेक परत होऊ शकतो तेवढंच, आणि अमेरिकेचा चालू व्हिसा असल्याने जर्मनीचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. खरं काम शिकागोत. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, पुढे कुठेही जायचं असलं तरी. बॅगेच्या टॅगवर डेन्व्हर छापलेलं असतं म्हणून लोक बॅग न घेताच पुढे जातात, तसं नका होऊ देऊ. बेल्टवरून बॅग घ्यायची, कस्टममधून बाहेर यायचं आणि लगेच पुढे री-चेकचा काउंटर असतो तिथे द्यायची. ड्युटी फ्रीची बाटली वगैरे घेतली असेल तर त्याआधीच बॅगेत टाकायची कारण पुढे परत सिक्युरिटी आहे.

समिधा०७: व्हीलचेअर सांगून ठेवा, एअरलाइनला आधी फोन करून. माझ्या सासूबाईंना चालायला त्रास होता म्हणून घेतली होती, पण नवख्या जागी सोबत माणूस असतो याचाच जास्त आधार वाटला त्यांना. ऑफिसर साधारण कोणाकडे आलात, किती दिवस राहणार एवढंच विचारतात. तुमचा पत्ता, फोन आणि रिटर्न तिकीट कागदावर द्या, मोबाइलवर विसंबू नका.

मुशाफिर: सव्वादोन तास जरा टाइटच आहेत हो. शिकागोला इंटरनॅशनल टर्मिनल ५ ला उतरतात, डेन्व्हरचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर ट्रेनने जावं लागतं. पण एकच पीएनआर आहे ना, मग फ्लाइट चुकली तर एअरलाइनच पुढच्या विमानात बसवते. वेगवेगळी तिकिटं असती तर मी नकोच म्हटलं असतं. अबू धाबीवरून थेट अमेरिकेला येणारी फ्लाइट मिळाली तर बघा, तिथे अपवाद आहे, अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीलाच उरकतं आणि इथे डोमेस्टिकसारखं उतरायचं.

ऋतुजा_के: तिकीट आता बदलता येणार नाही, व्हीलचेअर आजच सांगते. बॅग तो माणूस काढून देतो का?

समिधा०७: हो देतात, पण कुठली ते आईंनाच दाखवावं लागतं. बॅगेचा फोटो काढून त्यांच्याजवळ ठेवा आणि हँडलला भडक रंगाची रिबन बांधा.