एंजल्स लँडिंग: साखळ्यांच्या टप्प्याबद्दल मदत हवी आहे

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायको आणि मी अमेरिकेत युटामधल्या झायन नॅशनल पार्कला जातोय. तिथल्या एंजल्स लँडिंग या कड्यावर चढायला परमिट लागतं; त्याच्या हंगामी सोडतीत नंबर लागला नाही, आता आदल्या दिवशीच्या सोडतीत अर्ज टाकणार. स्काउट लुकआउटपर्यंतची (साखळ्यांच्या आधीचा थांबा) चढण आणि वाटेतली ती २१ नागमोडी वळणं यांची काळजी नाही. खरा प्रश्न त्यापुढच्या साखळ्यांच्या अर्ध्या मैलाचा.

आम्ही दोघांनी हरिहर केलाय, तिथल्या उभ्या कातळपायऱ्या ती न डगमगता चढली. पण तिथे तोंड कातळाकडे असतं आणि पकडायला खोबणी असतात. इथे अरुंद धारेवर दोन्हीकडे खोल दरी, हाताशी फक्त साखळी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तिला गरगरलं होतं, म्हणून धाकधूक वाटते. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण कॅमेऱ्यातून दरीचा अंदाज येत नाही.

पाऊस-बर्फ असेल तर जाणार नाही, हे पक्कं. बूट चांगल्या पकडीचे आहेत. परमिट नाहीच मिळालं तर त्याऐवजी ईस्ट मेसाच्या वाटेने झायनमधलाच ऑब्झर्वेशन पॉइंट करू.

स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा: दोन्ही बाजू उघड्या असलेला सगळ्यात अरुंद भाग स्काउट लुकआउटपासून किती अंतरावर येतो, आणि उतरणारी माणसं समोर आली तर तिथे थांबायला सुरक्षित जागा मिळते का?