बॉल कूपर्सटाउनच्या आत, बॅरी बाँड्स बाहेर: हे बरोबर आहे का?

फ्रीमाँटकर

डिसेंबर २०२५ मध्ये सोळा जणांच्या समितीने बॅरी बाँड्सला पुन्हा नाकारलं. बेसबॉलच्या कूपर्सटाउनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये जायला त्या समितीत बारा मतं लागतात. त्याला पाचसुद्धा पडली नाहीत. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या टीममधला त्याचा जुना सहकारी जेफ केंट चौदा मतं घेऊन आत गेला. नव्या नियमानुसार पाचपेक्षा कमी मतं पडलेल्याला पुढच्या फेरीत उभं राहता येत नाही. म्हणजे २०२८ गेलं, आता थेट २०३१. तेव्हा तो ६७ वर्षांचा असेल आणि तेव्हाही पाचच्या खाली राहिला तर नाव कायमचं बाद.

ज्यांना बेसबॉलमधलं फारसं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होमरन म्हणजे आपली सिक्सर, पण तिची किंमत फार मोठी, कारण एकेका मॅचमध्ये बॅटरला चार-पाचच संधी मिळतात. बाँड्सच्या नावावर ७६२ होमरन आहेत. एका मोसमात ७३, हाही त्याचाच विक्रम. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार त्याला सात वेळा मिळाला, इतका दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. आरोप एकच आणि तोही साधा नाही: स्टेरॉइड.

मी २००४ मध्ये या देशात नवा होतो. ऑफिसातल्या एकाला ऐनवेळी जमलं नाही म्हणून त्याचं तिकीट माझ्याकडे आलं. जागा अगदी वर, समोर खाडी, उजव्या भिंतीपलीकडे पाण्यात कयाक घेऊन माणसं थांबलेली. बाँड्सचा बॉल पाण्यात पडला की उचलायला. तो बॅट घेऊन आला आणि जिन्यावरून हॉटडॉग घेऊन वर येणारा माणूस पायरीवरच थांबला. सगळं स्टेडियम उभं. आणि समोरच्या टीमचा कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, उठून बाजूला सरकला, हात लांब केला. चार बॉल मुद्दाम बाहेर टाकले आणि बाँड्सला फुकट पहिल्या बेसवर पाठवून दिलं. लोक ओरडत होते, कठड्यावर रबराच्या कोंबड्या टांगत होते: ‘भित्रे’ म्हणून. त्या एका वर्षात असं मुद्दाम सोडून देणं १२० वेळा झालं. चाळिशीच्या माणसाला! १९९८ मध्ये तर अ‍ॅरिझोनाने तिन्ही बेस भरलेले असताना त्याला सोडलं होतं, म्हणजे एक धाव हातात आणून दिली, पण त्याला बॅट फिरवू दिली नाही.

७ ऑगस्ट २००७ ला त्याने ७५६ वा मारला आणि हँक अ‍ॅरन यांचा विक्रम मोडला. तो बॉल एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला, त्याचं काय करायचं यावर लोकांची मतं मागवली आणि त्यांच्या कौलाप्रमाणे त्यावर तारांकनाची खूण कोरून तो कूपर्सटाउनच्या म्युझियमला दिला. बॉल आत आहे. ज्याने मारला तो आत नाही. हे मला पटत नाही. त्याला आत घ्या आणि आत घेतलेल्यांच्या नावाची जी ब्राँझची पाटी लागते तिच्यावर स्टेरॉइडचंही लिहा. जे घडलं ते सांगायलाच म्युझियम असतं ना?

निशा_के

तुम्ही लिहिलेली संध्याकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली, पण तुमच्या मताच्या मी पूर्ण विरुद्ध आहे.

म्युझियम वेगळं आणि पाट्यांची ती गॅलरी वेगळी. म्युझियममध्ये बॉल, बॅटी, बूट काहीही ठेवा, तो इतिहास आहे. पाटी हा मान आहे. मतदारांना दिलेल्या नियमांत सचोटी, खिलाडूपणा आणि चारित्र्य हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत.

माझा खरा मुद्दा फ्रेड मॅक्ग्रिफ आहे. ४९३ होमरन, पाचशेला फक्त सात कमी, आणि १९९४ चा मोसम खेळाडूंच्या संपामुळे मधेच बंद पडला तेव्हा त्याचे ३४ झाले होते. त्याच्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. पण आजूबाजूचे साठ-सत्तर मारायला लागले आणि त्याचे वर्षाला तीस-पस्तीस लोकांना किरकोळ वाटायला लागले. समितीच्या आधी पत्रकारांचं मतदान असतं, त्यात दहा वर्षं उभा राहिला, एकदाही चाळीस टक्क्यांवर गेला नाही. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये समितीने त्याला सोळापैकी सोळा मतं दिली. त्याच समितीने, त्याच दिवशी बाँड्सला चारसुद्धा दिली नाहीत. तो निकाल वाचून मला रडू आलं होतं. इतकी वर्षं ज्याची चोरी झाली त्याला कुणीतरी ‘आम्ही पाहिलं होतं’ असं सांगितलं.

स्टेरॉइड घेणाऱ्याने विक्रम मोडला की फक्त जुना विक्रमवीर मागे पडत नाही. शेजारी उभा असलेला प्रामाणिक माणूस लहान दिसायला लागतो.

दादर_पश्चिम

बेसबॉल मला वर्ल्ड सिरीजपुरतंच, म्हणजे मोसमाअखेरच्या फायनलपुरतंच कळतं, तरी विचारतो. शेन वॉर्नचं काय? २००३ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर बंदी असलेल्या मूत्रल औषधात सापडला, दक्षिण आफ्रिकेतून परत पाठवला, वर्षभर बंदी. म्हणाला, आईने दिलेली गोळी होती. नंतर परत आला, ७०८ बळींवर थांबला, आणि २०१३ मध्ये आयसीसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तेव्हा आपल्यापैकी कुणी हरकत घेतली होती? मला तरी आठवत नाही. मग बाँड्सलाच वेगळा न्याय का?

निशा_के

दादरकर, वॉर्नने शिक्षा भोगली हा मोठा फरक आहे. सापडला, घरी गेला, वर्ष वाया गेलं, परत आला. बाँड्सच्या बाबतीत शिक्षा झालीच नाही. २००३ मध्ये खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेवर धाड पडली. ग्रँड ज्युरीसमोर बाँड्सने सांगितलं की ट्रेनरने दिलेलं ते जवसाचं तेल आणि संधिवाताचं मलम आहे असं मला वाटलं होतं. स्वतःच्या शरीराला इतका जपणारा माणूस काय चोळतो आणि काय पितो हे विचारत नाही? त्या ट्रेनरने साक्ष द्यायला नकार दिला आणि तुरुंगात गेला, पण तोंड उघडलं नाही.

आणि तो ७३ चा मोसम बघा. त्याआधीचा त्याचा सर्वांत मोठा आकडा ४९. सदतिसाव्या वर्षी एकदम ७३. त्या एका वर्षाच्या आधी किंवा नंतर त्याने पन्नाससुद्धा कधी गाठले नाहीत.

फ्रीमाँटकर

निशाताई, मॅक्ग्रिफबद्दल तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि उगाच देत नाही.

पण शिक्षा झाली नाही, यात दोष एकट्या बाँड्सचा कसा? स्टेरॉइड चालणार नाहीत असं लीगच्या प्रमुखांनी, म्हणजे कमिशनरनी १९९१ मध्येच पत्रक काढून कळवलं होतं. चाचणी मात्र नाही. २००३ मध्ये नावं गुप्त ठेवून सर्वेक्षणापुरती चाचणी झाली आणि शिक्षेची तरतूद आली २००४ पासून. मधली बारा-तेरा वर्षं नियम कागदावर आणि मैदानात उघडं रान. लीगने त्याला स्टेरॉइडसाठी एकदाही निलंबित केलं नाही. न्यायालयात न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा एकच आरोप २०११ मध्ये सिद्ध झाला आणि २०१५ मध्ये अपिलात तोही रद्द झाला. त्याने काही घेतलं नाही असं मी म्हणत नाही. घेतलं असणार, असंच मलाही वाटतं.

तरीही १९९८ च्या मोसमाअखेरचा बाँड्स बघा. ४११ होमरन, ४४५ चोरलेले बेस (पिचरला चकवून धावत पुढचा बेस गाठणं), तीन एमव्हीपी, क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह. चारशे-चारशे करणारा इतिहासातला पहिला. त्याच्यावरचे बहुतेक आरोप त्यानंतरच्या वर्षांचे आहेत. त्या दिवशी तो निवृत्त झाला असता तर पहिल्याच फटक्यात आत गेला असता.

चार्ल्सकाठ

मी बोस्टनचा, आमच्या टीमच्या डेव्हिड ऑर्टिझवर जीव आहे, त्यामुळे हे लिहिताना मला त्रास होतोय.

२०२२ च्या मतदानात ऑर्टिझ पहिल्याच वर्षी ७७.९ टक्के घेऊन आत गेला. तेच बाँड्सचं पत्रकारांपुढचं दहावं आणि शेवटचं वर्ष होतं: ३९४ पैकी २६० मतं, ६६ टक्के. ७५ टक्के लागतात, म्हणजे छत्तीस मतं कमी. आता, २००३ च्या त्या गुप्त चाचणीत सापडलेल्यांच्या यादीत ऑर्टिझचंही नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली होती. कमिशनर मॅनफ्रेड यांनी पुढे त्या निकालांबद्दल शंका बोलून दाखवली, ते धरूनही मला हे सोपं जात नाही. आमचा ऑर्टिझ हसरा. पत्रकारांना मिठी मारायचा. बाँड्स त्यांच्याशी तुसडेपणाने वागायचा. ही छत्तीस मतं औषधामुळे कमी पडली की स्वभावामुळे? मला वाटतं, बरीचशी स्वभावामुळे.

आणि बड सेलिग? ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं झालं, ते कमिशनर. १९९४ च्या संपात वर्ल्ड सिरीज रद्द झाली, लोक रुसले. १९९८ मध्ये मॅग्वायरने ७० आणि सोसाने ६६ मारले तेव्हा स्टेडियम पुन्हा भरली, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. सेलिग २०१७ मध्ये कूपर्सटाउनमध्ये गेले. दुकानाचा मालक आत आणि गल्ल्यावरचा नोकर बाहेर, असा न्याय झाला हा.

निशा_के

सेलिग यांच्याबाबत मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. ते आत जायला नको होते. पण एक चूक झाली म्हणून दुसरी करा, हे मला मान्य नाही.

माझी अट एकच आहे. बाँड्सने स्वतःच्या तोंडाने सांगावं. ‘मी घेतलं, का घेतलं, कधीपासून घेतलं.’ मग माझं मन थोडं तरी हलेल.

चार्ल्सकाठ

मॅग्वायरने सांगितलं ना, जानेवारी २०१० मध्ये, टीव्हीवर रडत. त्या वर्षी त्याला २३.७ टक्के मतं होती. २०१६ मध्ये त्याच्या शेवटच्या मतदानात १२.३ उरली. कबूल करणाऱ्याला हे मिळालं असेल तर बाँड्सने कशाच्या भरवशावर बोलावं?

अंजली_सॅक्रामेंटो

मी एरवी फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये पिचर, म्हणजे बोलर. गेल्या उन्हाळ्यात जिममधल्या एका मोठ्या मुलाने त्याला एक बिनलेबलची डबी दिली. ‘वेग वाढेल’ म्हणून. त्याने ती आठवडाभर मोज्यांच्या खणात ठेवली होती, उघडली नव्हती. मला कपडे ठेवताना सापडली. मी ओरडले नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो, डबी मधे. तो म्हणाला, ‘आई, सगळे घेतात. आणि घेतलं त्यांचं काय वाईट झालं?’ आणि त्याने नावं घेतली. पहिलं नाव बाँड्स.

मी तेव्हा त्याला काय सांगितलं असेल? हेच, की बघ, इतका मोठा खेळाडू, पण आजही दाराबाहेर उभा आहे. माझ्या हातात तेवढं एकच उत्तर होतं. फ्रीमाँटकर, तुम्ही म्हणता तसं त्याला आत घेतलं तर उद्या मी त्या टेबलाशी काय बोलायचं? पाटीवरची बारीक अक्षरं पंधरा वर्षांचा मुलगा वाचत नाही. पाटी आहे की नाही एवढंच तो बघतो.

फ्रीमाँटकर

अंजलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवेना. डबी मधे ठेवून बोललात हे फार मोठं केलंत.

तरी माझं म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो. दाराबाहेर उभं ठेवण्यात मुलांना जो धडा मिळतो त्यात अर्धं लपलेलं राहतं. बाँड्स बाहेर, पण त्या काळात ज्यांच्यावर कधी संशयच आला नाही असे किती जण आत बसलेत हे तुम्हा-आम्हाला कुणालाच कळणार नाही. मग मुलगा शिकतो ते ‘घेऊ नकोस’ नाही, ‘सापडू नकोस’. मला भीती त्याची वाटते. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, पहिल्या ओळीत लिहा. २०१८ मध्ये जायंट्सने त्याचा २५ नंबर निवृत्त केला, त्याच्या पहिल्या टीमने, पिट्सबर्गने २०२४ मध्ये स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. दोन्ही गावांनी त्याचं सगळं माहीत असून त्याला घरात घेतलं.

निशा_के

गावाने घरात घेणं मला समजतं. घरचे घेतातच. कूपर्सटाउन सगळ्यांचं आहे, मॅक्ग्रिफचंही. मी माझ्या जागेवर आहे. अंजलीताई, मुलाला विचाराल का, त्याला स्वतःला काय वाटतं?

अंजली_सॅक्रामेंटो

विचारलं आत्ता, जेवताना. लगेच म्हणाला, ‘आत घ्या, एवढे होमरन आहेत.’ मग वरण-भात कालवत थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘पण तेव्हा त्याच्यासमोर पिच करायला मी असतो ना, तर मला खूप राग आला असता.’