स्तनांत भरलेली चरबी टिकते, पण वजनाबरोबर बदलते

वर एकीने लिहिलंय की स्तनांत आपलीच पोटा-मांडीची चरबी शस्त्रक्रियेने भरून घेतली तर वर्षभरात सगळी विरघळते, पैसे पाण्यात. हे पटत नाही. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत शरीर काही भाग शोषून घेतं, साधारण ५० ते ७० टक्के उरते. ज्या पेशींना रक्तपुरवठा मिळाला, त्या तिथल्याच होऊन जातात. पण चरबी शेवटी पोटा-मांडीचीच, स्वभाव तोच! माझ्या मावसबहिणीचं दोन वर्षांनी ८ किलो वजन उतरलं आणि छातीचा भरीवपणाही ओसरला. म्हणून वजन स्थिर झाल्याशिवाय या वाटेला जाऊच नका.

आणखी एक, जे इथे कुणीच बोललं नाही. त्याच मावसबहिणीला आंघोळ करताना वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली. त्या रात्री घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. सोनोग्राफीत कळलं, न जगलेल्या चरबीची, तेल साठलेली गाठ आहे. तेव्हा शस्त्रक्रियेआधीच सोनोग्राफी किंवा वयानुसार मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून ते रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना चरबी भरल्याचं आवर्जून सांगा. आणि नवी गाठ लागली तर ‘चरबीचीच असेल’ म्हणून कृपा करून अंगावर काढू नका, लगेच दाखवा.