मदत हवी आहे: संत्र्याच्या लाकडाचे रेझिन बोर्ड, नागपूरच्या हवेत

संत्रानगरी:

नमस्कार मंडळी,

काटोलजवळच्या आमच्या बागेतली जुनी संत्र्याची झाडं मागच्या वर्षी होळीच्या सुमारास काढावी लागली. डिंक्या रोगाने पार खंगली होती. अशी झाडं आमच्या भागात सरळ जळतणात जातात. पण ही बाबांनी स्वतः लावलेली, त्यामुळे जीव होईना. बरे बुंधे वेगळे काढून आरा मशीनवर फळ्या पाडून घेतल्या. आता या फळ्या आणि इपॉक्सी रेझिन वापरून सर्व्हिंग बोर्ड करायचे आहेत, आम्हा भावंडांपैकी प्रत्येकाच्या घरी एक. लाकूडकाम आणि रेझिन, दोन्ही मला नवीन आहे.

व्हिडिओ भरपूर पाहिले. पण ते सगळे थंड देशांतले, अक्रोडाच्या हातभर रुंद फळ्यांवरचे. नागपूरचा उन्हाळा आणि संत्र्याचं लाकूड, यावर कुठेच काही सापडत नाही.

रेझिनच कशाला, नुसत्या लाकडाचे पाट कर की, असं घरी सगळे म्हणतात. अडचण अशी की संत्र्याचा बुंधा आखूड असतो, दोन-अडीच फुटांवर फांद्या फुटतात. त्यातही बुडाकडचा भाग संत्र्याचा नसतोच. आपल्याकडे संत्र्याचा डोळा (कलमाची कळी) जंबेरी नाहीतर रंगपूर लाइम या लिंबवर्गीय झाडांच्या खुंटावर बांधतात, म्हणजे तेवढं लाकूड त्या खुंटाचं. उरतं ते वाकडंतिकडं, रुंदीला जेमतेम सहा-सात इंच, आणि मधला गाभा चिरतो म्हणून तो काढला की आणखी कमी. अशा दोन अरुंद फळ्यांच्या नागमोडी कडा समोरासमोर ठेवून मधली फट रेझिनने भरली, तरच वाढायला पुरेल एवढा बोर्ड होतो. लाकूड मात्र सुंदर आहे: फिकट पिवळं, जड, रेषा इतक्या बारीक की रंधा मारल्यावर हाताला काचेसारखं लागतं.

फळ्या सव्वा इंच जाडीच्या आहेत. टोकांना फेविकॉल चोपडून, मधे पट्ट्या घालून, घरातच भिंतीपासून लांब रचून ठेवल्यात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथेच गेला. टोकाला केसाएवढ्या चिरा आहेत, बाकी फळ्या सरळ आहेत. ओलावा मोजायचं मीटर माझ्याकडे नाही. लाकूड पुरेसं वाळलंय हे त्याशिवाय कसं ओळखायचं?

दुसरा प्रश्न भोकांचा. साल खाणाऱ्या अळीने फांदीच्या बेचक्यात पाडलेली भोकं काही फळ्यांत आली आहेत. पेन्सिल जाईल एवढी जाड, आतून काळपट तपकिरी, आणि ठासून भुसा भरलेला. तारेने कोरून एक साफ केलं तर ते भोक फळीच्या आत तिरकं वर चढत गेलेलं दिसलं. मला ही भोकं झाकायची नाहीत, पारदर्शक रेझिन भरून दिसतील अशीच ठेवायची आहेत. पण एका तुकड्यावर ओतून पाहिलं तेव्हा भोकाच्या तोंडाशी बुडबुड्यांची माळ तयार झाली. ड्रायरने गरम हवा मारली की वरचे फुटतात आणि खालून नवे येत राहतात. तुकड्याचा बाकी भाग दुसऱ्या दिवशी स्वच्छ आणि कडक झाला होता.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. बाटलीवर लिहिलंय, दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव), आकारमानाने. दुकानदार म्हणाला काट्यावर मोजा, दोनास एक घ्या, सारखंच आहे. तुकड्यासाठी मी खुणांच्या कपानेच मोजलं होतं. मोठ्या ओतकामाला काटा सोयीचा पडेल, पण दोन्ही एकच कसं असेल?

आणि शेवटचा, मला सगळ्यात जास्त छळणारा: आता फेब्रुवारी संपत आलाय, दुपारी पारा ३३-३४ पर्यंत जातो. आत्ताच ओतावं, की उन्हाळ्यात लाकूड आणखी वाळू द्यावं आणि दिवाळीनंतर बघावं? मे महिन्यात ४५ च्या पुढे रेझिन ओतायची माझी तरी हिंमत नाही.

रंगाचं मात्र ठरलंय. मधल्या पट्ट्याची निळी नदी नको. झाडांच्या खोडावर डिंक ओघळून सुकायचा, त्या मधाळ तपकिरी रंगाचं पारदर्शक रेझिन हवंय.

जाणकारांनी कृपया सांगावं.

रंधा-पटाशी:

ताई, मी साग आणि बाभळीवर हे काम करतो, संत्रं हाताळलेलं नाही. पण लाकूड वाळायचे नियम तेच.

मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला काटा पुरतो. प्रत्येक फळीचं वजन करून पेन्सिलीने तिच्यावरच लिहा. आठवड्याने पुन्हा करा. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही, तर त्या हवेत सुटण्यासारखं पाणी त्यात उरलेलं नाही. हवेत वाळवायचा जुना ठोकताळा इंचाला एक वर्ष असा आहे. तुमची सव्वा इंची फळी वर्षभर आत आहे आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, तेव्हा बहुतेक काम झालं असणार. तरी वजन कराच, कारण संत्र्याचं लाकूड घट्ट, आणि घट्ट लाकूड पाणी हळू सोडतं.

नागपुरात खरी भानगड वेगळी आहे. मे महिन्यात सावलीतलं लाकूडसुद्धा पाच-सहा टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं आणि ऑगस्टमध्ये तेच पंधराच्या आसपास चढतं. म्हणजे बोर्ड दरवर्षी फुगणार आणि आकसणार. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही. रेझिन ओलाव्याने हलत नाही. तुम्ही म्हणता तसा रेझिनचा पट्टा रेषांच्या दिशेने मधे आणि लाकूड दोन्ही बाजूंना मोकळं, ही रचना चांगली, लाकडाला बाहेर सरकायला जागा मिळते. चारही बाजूंनी रेझिनची चौकट मात्र करू नका, पहिल्याच पावसाळ्यात तडा जाईल.

म्हणून माझं मत, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ओता. लाकूड कोरडं, हवा कोरडी, रात्री अजून सुखद. पावसाळ्यात ओतलं तर दमट हवेने हार्डनर पृष्ठभागावर तेलकट, चिकट थर सोडतो आणि वरचा थर धरत नाही. डिसेंबरात उलटी गत: रेझिन काकवीसारखं घट्ट होतं आणि बुडबुडे आतच अडकतात.

तुमच्या बुडबुड्यांचं कारण भोकातली आणि लाकडाच्या छिद्रांतली हवा. रेझिन घट्ट होताना तापतं, लाकूड तापतं, हवा पसरून बाहेर येते. त्यामुळे आधी साल पूर्ण काढा, पटाशीने आणि मग तारेच्या ब्रशने. सैल साल ठेवली तर रेझिन सालीला धरतं आणि साल लाकडाला सोडते. भुसा शेवटपर्यंत कोरा. मग पातळ रेझिनचा एक हात ब्रशने सगळ्या कडांना आणि भोकांच्या आतून द्या. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतपत झालं की मुख्य रेझिन ओता. आणि ओता संध्याकाळनंतर, लाकूड थंड होत असताना. थंड होणारं लाकूड हवा आत ओढतं, सकाळी तापत जाणारं लाकूड ती बाहेर टाकतं. एवढ्या एका गोष्टीने माझे निम्मे बुडबुडे गेले.

भोकांत जिवंत कीड नाही ना, ते आधी बघा. फळीखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. ताजा पिठासारखा भुसा पडला तर आत कोणीतरी आहे. खायच्या बोर्डाला कीटकनाशक लावू नका. ओव्हनमध्ये हळूहळू तापवा. निर्यातीच्या लाकडी पेट्यांना गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तोच इथे लावायचा.

प्रयोगवही:

प्रमाणाबद्दल. दुकानदाराचं ऐकू नका, बाटलीचं ऐका. रेझिन जड असतं, साधारण १.१ ते १.१५ ग्रॅम प्रति मिली, हार्डनर हलका, १ च्या जरासा खाली. त्यामुळे आकारमानाने २ ला १ म्हणजे वजनाने १०० ला ५० नव्हे, तर ४२ ते ४५ च्या आसपास. नेमका आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा, तांत्रिक माहितीपत्रकात तो वजनाचाही दिलेला असतो. तो मिळाला तरच काटा वापरा, नाहीतर खुणांचा कपच बरा. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल हा समज काढून टाका. हार्डनरचा रेणू रेझिनच्या रेणूंना जोडतो. जादा हार्डनरला जोडायला काही उरत नाही, तो तसाच आत राहतो आणि बोर्ड कायम रबरासारखा मऊ.

कप मोठा घ्या, तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत राहा, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं राहतं, आणि तेच पुढे चिकट डाग म्हणून दिसतं.

उष्णतेचा हिशोब असा धरा: तापमान १० अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ साधारण निम्मा होतो. माहितीपत्रकावरचा वेळ बहुधा २५ अंशांचा असतो. ३५ ला तो अर्धा, ४५ ला पाव. कपात ढीग करून ठेवलेलं रेझिन तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं, प्लास्टिकचा कप वितळतो. उरलेलं रेझिन कपात सोडू नका, अंगणात पत्र्यावर पातळ पसरून टाका.

हातमोजे नायट्राइलचे घाला. हाताला लागलं तर साबण-पाणी. थिनर अजिबात नको, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, म्हणून हे पहिल्या दिवसापासून पाळा.

संत्रानगरी:

रंधा-पटाशी दादा, प्रयोगवही, दोघांचे मनापासून आभार. लाकूड थंड होताना ओतायचं, हे कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. कंपनीला मेल करून वजनाचं प्रमाण मागवलं: १०० ला ४४. म्हणजे दुकानदाराच्या हिशोबाने ओतलं असतं तर सगळंच गेलं असतं.

काळा कागद पसरलाय. सध्या तरी स्वच्छ आहे.

आता दोन गोष्टी सांगा. फट सरासरी ६ सेंमी रुंद, ४० सेंमी लांब, खोली अडीच सेंमी. एवढं एकाच वेळी ओतता येईल का? आणि शेवटी तेल कुठलं लावायचं? घरी जवसाचं तेल आहे, गावच्या घाणीचं.

गृहिणी_धरमपेठ:

एक सांगते, कारण बोर्ड वाढायचे आहेत. साधं रेझिन ५०-६० अंशांनाच मऊ पडायला लागतं. तव्यावरून उतरलेली गरम पोळी, चहाची किटली, भाजीचं पातेलं, यातलं काहीही थेट रेझिनवर ठेवायचं नाही. मे महिन्यात बंद गाडीत बोर्ड विसरलात तर वाकेल. भावंडांना देताना हे चिठ्ठीवर लिहून द्या. सुरी चालवायचीही नाही, ओरखडे पडतात आणि त्यांत अन्न अडकतं. फळं, चिवडा, लाडू, चीज यांना उत्तम.

आणि पूर्ण पक्कं होईपर्यंत अन्न ठेवू नका. दुसऱ्या दिवशी कडक लागलं तरी आतली प्रक्रिया आठवडाभर, कधी जास्तही चालते. अन्नासाठी चालतं असं बाटलीवर लिहिलं असेल तर ते पूर्ण पक्क्या झालेल्या रेझिनबद्दल असतं.

रंधा-पटाशी:

६ × ४० × २.५ म्हणजे ६०० घन सेंमी, वजनाने साधारण ६६० ग्रॅम. कपाला चिकटणारं आणि भोकांत जाणारं धरून पाऊणशे ग्रॅम जास्त घ्या. एकदम ओतता येईल, पण फक्त डीप पोअर, म्हणजे जाड थरात ओतायचं रेझिन असेल तर. कोटिंगचं, म्हणजे पातळ थराचं रेझिन पाच-सहा मिलिमीटरच्या वर ओतलं की तापून पिवळं पडतं, चिरतं. बाटलीवर थराची कमाल जाडी लिहिलेली असते, तीच धरा. डीप पोअरला साच्यातून सुटण्याइतकं घट्ट व्हायला दोन-तीन दिवस लागतात, घाई करू नका.

साचा सनमायका लावलेल्या प्लायचा करा, आतून खाकी पॅकिंग टेप, सांध्यांना सिलिकॉन. त्या टेपला रेझिन धरत नाही. फळ्या साच्याला शिकंज्याने दाबून ठेवा, नाहीतर रेझिनपेक्षा हलकं असल्याने लाकूड वर तरंगतं. रंगासाठी रेझिनचाच पारदर्शक डाय, थेंबाथेंबाने. पाण्यातला रंग नको. डिंकाच्या रंगाला तपकिरीत पिवळ्याचा किंचित अंश लागेल, आधी चमचाभर रेझिनमध्ये करून उजेडात धरून बघा. अडीच सेंमी खोलीत तोच रंग बराच गडद दिसतो.

सपाट करायला हाताने झुंजू नका. लकडगंजच्या टिंबर मार्केटात एखाद्या मिस्त्रीला रंधा मशीनवर घालायला सांगा, पण आधी विचारा. काही जण रेझिनला हात लावत नाहीत, पात्याला चिकटतं म्हणून. अगदी पातळ पातळ घ्यायला सांगा. मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४००. एकही टप्पा गाळू नका, ८० चे ओरखडे पारदर्शक रेझिनमध्ये शेवटी उठून दिसतात. घासताना मास्क हवाच.

जवसाचं घाणीचं तेल चालेल, ते हवेत सुकून घट्ट होतं, पण पातळ हात द्या आणि प्रत्येक हाताला बरेच दिवस सुकू द्या. शेंगदाण्याचं नको, खवट होतं. हार्डवेअरमधलं डबल बॉइल्डही नको, त्यात धातूंचे क्षार असतात. लवकर हवं असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशीचं मेण, चारास एक, मंद आचेवर वितळवून. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ओतून झालं की साच्यावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, रेझिनला टेकणार नाही असा. मार्चमध्ये धूळ आणि चिलटं दोन्ही असतात, आणि पंखा त्या खोलीत बंद ठेवा.