प्रति: स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा, तरी डेल्टा फाइली पडल्यात

अहो दादा, थांबा, तुमच्या व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनच्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारा कॉम्प्युटर) त्या -०००००१.व्हीएमडीके वाल्या डेल्टा फाइली, म्हणजे स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेतल्यानंतरचे बदल ज्यात जातात त्या, हाताने डिलीट करू नका! वर कोणीतरी "मॅनेजरमध्ये दिसत नाही म्हणजे कचरा" लिहिलंय, ते डेंजर आहे. आधी एडिट सेटिंग्जमध्ये हार्ड डिस्कच्या फाइलचं नाव बघा, तिथे -०००००१ दिसलं तर मशीन त्या डेल्टावरच चालतंय, स्नॅपशॉट घेतल्यानंतरचा सगळा डेटा त्यातच आहे, ती उडवली की गेलं सगळं.

बहुतेक वेळा हे बॅकअप सॉफ्टवेअरचं काम असतं, स्नॅपशॉट घेतो आणि काढायचं अर्धवट राहतं. इथे इंदूरला सियागंजात एका व्यापाऱ्याकडे असंच होतं, टॅलीचा जुना सर्व्हर, कन्सॉलिडेट केलं (डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळणं) तर फाइल लॉक्ड म्हणे, शेवटी बघितलं तर बॅकअप प्रॉक्सीला (बॅकअपसाठी डिस्क वाचणारं मशीन) ती डिस्क अजून चिकटलेली, तिथून काढली (रिमूव्ह फक्त, डिलीट फ्रॉम डिस्क नाही हं) मग झालं.

तर बॅकअप जॉब बंद करा, डेटास्टोअरमध्ये (मशीनच्या फाइली जिथे असतात तिथे) जागा बघा, आणि स्नॅपशॉट्स मेनूतून कन्सॉलिडेट. दुकान बंद झाल्यावरच लावा, डिस्कवर लोड येतो. ९९ टक्क्यांवर तासन्‌तास अडकल्यासारखं वाटेल, कॅन्सल करू नका, खुशाल सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) चक्कर मारून या.

जागाच नसेल तर मशीन बंद करून दुसऱ्या डेटास्टोअरवर क्लोन (पूर्ण नक्कल) करा, क्लोनमध्ये पूर्ण साखळी एकाच डिस्कमध्ये येते, स्नॅपशॉट मागेच राहतात. मायग्रेशनच (मशीन दुसरीकडे हलवणं) करायचंय तर मला हाच रस्ता बरा वाटतो, जुनं जसंच्या तसं राहतं. डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आहे का तो, ते मात्र सांगा.