सिकलसेलच्या ग्रुपवर औषधांच्या बातम्या टाकणं बंद करावं काय?

मेडिकल_चौक
सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) असलेल्या उत्तर नागपुरातल्या कुटुंबांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सध्या त्यावर एक ऑडिओ फिरून राहिला. बाई ठासून सांगते, हायड्रॉक्सीयुरिया ही कॅन्सरची गोळी आहे, लेकरांना देऊ नका, पुढे मूलबाळ होत नाही. शेवटी कुठल्याशा पानांच्या रसाचा फोन नंबर. ऐकून काही घरांनी गोळी बंद केली, तीही मे महिन्यात! या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की एसएस पेशंटचा (आई आणि बाप दोघांकडून सिकलसेलचा जीन आलेल्याचा) क्रायसिस, म्हणजे जोरदार दुखण्याचा झटका, उठू शकतो.
माझं मत स्पष्ट आहे. रक्तदाते, ओपीडीचे दिवस, सर्टिफिकेटची माहिती, एवढंच ग्रुपवर राहावं. औषधाची बातमी खरी असो की खोटी, नकोच. बोला.

इंदोरा_एक्स्प्रेस
पूर्ण असहमत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, हे मला दवाखान्यात कोणीही सांगितलं नव्हतं. अशाच एका फॉरवर्डमधून कळलं. तुमच्या नियमात तो मेसेज बसला असता काय? बसला असता म्हणाल, पण हे ठरवणार कोण? ॲडमिन. आणि ॲडमिन कोण, तर ज्याने ग्रुप काढला तो. त्याला रक्तातलं काय कळते?

लॅबवाला
ऑडिओची मेख अशी की पहिलं वाक्य खरं आहे. हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरमध्ये वापरतातच. पण 1998 पासून अमेरिकेत ती सिकलसेलसाठीही मंजूर आहे. गर्भात असताना जे हिमोग्लोबिन असतं ते या गोळीने वाढतं, मग पेशी विळ्यासारख्या वाकायचं प्रमाण कमी होतं आणि क्रायसिस कमी येतात. मूलबाळाची गोष्टही निव्वळ हवेतली नाही. गरोदरपणात ही गोळी सहसा थांबवतात, पुरुषांत शुक्राणू कमी होऊ शकतात. म्हणून लग्न ठरलं, मूल हवं आहे, तर डॉक्टरांना आधी सांगायचं असतं. पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) वेळोवेळी करावा लागतो. यातलं प्रत्येक वाक्य ओपीडीत सांगायला पाहिजे. सांगितलं जात नाही, म्हणून ती बाई सांगते.

वर्धा_रोड
म्हणजे चूक ओपीडीची, शिक्षा ग्रुपला. वा!

काकाजी_सक्करदरा
तुम्ही लोकं गावठी औषधाले एकदम खोटंच ठरवून राहिले. माह्या साळ्याच्या पोरीचं दुखणं काढ्यानं थांबलं. चार दिवस पोरगी रडून राहिली होती, पाचव्या दिवशी काढा देला, सहाव्या दिवशी उठून बसली. हे डोळ्यानं पाहिलेलं हाय. आता याले काय म्हणता?

लॅबवाला
काका, पोरगी उठून बसली हे शंभर टक्के खरं. पण क्रायसिसचं दुखणं बरेचदा काही दिवसांनी आपलं आपण उतरतं. माणूस काढ्याकडे कधी जातो? दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असतं, मग काढा द्या, अंगारा लावा नाहीतर नुसतं पाणी पाजा. पहिल्याच दिवशी काढा दिला असता तर चार दिवस रडली असती आणि तुम्हीच म्हटलं असतं, काढ्यात दम नाही. एक मात्र हात जोडून सांगतो. छातीत दुखलं, दम लागला, ताप चढला, अर्धं अंग लुळं पडलं, तर काढा उकळत बसू नका. सरळ कॅज्युअल्टी.

काकाजी_सक्करदरा
ते तर नेऊच ना बावा. काढा देल्यानं नेनं बंद होते काय?

इंदोरा_एक्स्प्रेस
काका, ऑडिओतली बाई तेच तर सांगून राहिली, गोळी बंद करा म्हणून.

धंतोली_पार्किंग
बंदीच्या बाजूने एक वेगळा मुद्दा. खोट्यापेक्षा शिळी बातमी जास्त घात करते. व्हॉक्सेलोटर नावाची गोळी 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आपल्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज आले. सप्टेंबर 2024 मध्ये फायझरने ती जगभरातून मागे घेतली, कारण चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्यांत क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले. ही दुसरी बातमी कोणी टाकली? कोणीच नाही. परवापर्यंत एक जण विचारत होता की दिल्लीहून मागवता येईल काय.
डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या जीन थेरपीचंही (पेशंटच्याच पेशींतला जीन बदलायचा उपचार) तेच. 'सिकलसेल बरा झाला' एवढंच फिरलं. किंमत 22 लाख डॉलरपासून पुढे आणि आधी केमोथेरपीचा भारी डोस सोसावा लागतो, हे कापलं गेलं.

वर्धा_रोड
मग मागे घेतल्याची बातमी तुम्हीच टाकायची होती ना भाऊ. ठाऊक असून चूप बसले आणि आता बंदी मागता.

रमाई_ताई
मला रोजचं एक सांगायचं आहे. 'रक्त कमी आहे' ऐकलं की शेजारीण बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्या घेऊन दारात. बीट खा, काही होत नाही. पण सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं कारण तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी जेमतेम 10 ते 20 दिवसांत फुटतात, लोह कमी असतंच असं नाही. वरचेवर रक्त चढतं त्यांच्या अंगात तर लोह साठत जातं. तपासल्याशिवाय गोळी नको. फॉलिक ॲसिड वेगळं, ते देतात. हे बातमीत मोडते की सल्ल्यात, मेडिकल_चौक दादा?

मेडिकल_चौक
ताई, तुम्ही सांगितलं तर चालेल.

इंदोरा_एक्स्प्रेस
बघा! म्हणजे बंदी नाही, निवड.

मेडिकल_चौक
असेल. पण उघडं दार ठेवलं की आधी फोन नंबरवाले घुसतात. निदान तारीख नसलेला आणि शेवटी नंबर असलेला मेसेज तरी उडवावा, एवढ्यावर तयार आहे.

धंतोली_पार्किंग
मी नाही. तारीख खोटी टाकायला कितीसा वेळ लागते?

वर्धा_रोड
ते ठरेल तेव्हा ठरेल. ज्यांनी गोळी थांबवली त्यांच्याकडे कोणी गेलं काय? लॅबवाल्यांचं एवढं लांब उत्तर कोण वाचते! ऑडिओला ऑडिओच पाहिजे, आपल्या बोलीत. रमाई ताई, तुम्ही कराल काय रेकॉर्ड?

रमाई_ताई
करते. पण गोळी परत सुरू करण्याआधी सीबीसी करून डॉक्टरांना दाखवा, हे मी त्यात बोलणारच. ते ऐकून चार जण म्हणतील, बघा, खतरा आहे म्हणूनच तपासतात.

काकाजी_सक्करदरा
म्हणू दे ना. साळ्याच्या घरी मी घेऊन जातो तुमचा ऑडिओ.