जुन्या गाडीला गारपिटीचा क्लेम: मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी आधी पॉलिसी वाचा

मानेवाडा_गियरबॉक्स
कालची पोस्ट: ‘दहा वर्षांवरच्या गाडीला गारपिटीचा क्लेम लावणं हा शुद्ध मूर्खपणा. निम्मं घसाऱ्यात (जुनेपणाच्या कपातीत) जातं, एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) उडतो, हाती काही लागत नाही.’ खाली ‘सही बोललास भाऊ’ची रांग.

घसारा लागतो बदललेल्या पार्टला. दहा वर्षांवर पत्र्याला ५० टक्के, रबर-प्लास्टिकला ५० टक्के, कबूल. पण गारांनी बदलावं काय लागतं? टपावर अन् बोनेटवर पोचे पडतात, डेंटर ते काढतो. ती मजुरी, तिला घसारा नाही. काचेलाही नाही. पेंटिंगच्या एकत्र बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्यातलं निम्मं कापतात. २०,००० च्या पेंटिंगमागे २,५०० गेले. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० कपात.

राहिला एनसीबी. तो फक्त ओडीच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर) नाही. जुन्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली किंमत) कमी, म्हणून ओडीही कमी. सूट न धरता ओडी ४,००० धरा. ५० टक्के सूट गेली की पहिल्या वर्षी २,००० जादा. पुढे दरवर्षी सूट २०, २५, ३५, ४५ करत परत ५०. सगळं मिळून फटका ५,०००. पोचे त्याच्या आत निघत असतील तर नका लावू क्लेम, जबरदस्ती थोडीच आहे.

धरमपेठ_पेन्शनर
कागदावर सगळंच जमतं हो. कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला आला की कळतं. आमच्याकडे आलेल्याने टॉर्च तिरपी धरून टप पाहिला, एका पोच्यात नख घालून गंज खरवडला आणि म्हणाला, ‘काका, हा जुना.’ दारांवरचे तर सरळ खोडले. गारा वरून पडतात म्हणे! वादळात त्या आडव्या येतात हे त्याला कोण सांगणार? उतारवयात या भानगडी कोणी कराव्यात?

मानेवाडा_गियरबॉक्स
काका, गंजलेला पोचा जुनाच असतो. तेवढ्यावरून सगळ्यांना क्लेम करू नका कसं सांगता?

काटोलचा_संत्रावाला
वा राजेहो! बोनेटच्या पोच्यांसाठी एवढा हिशेब. त्याच गारांनी आमचा तोडणीला आलेला मृगाचा (पावसाळी बहराचा) माल खाली आणला, आंबियाचा (हिवाळी बहराचा) फुलोरा झाडला. फळपीक विम्यात गारपिटीसाठी हप्ता वेगळा, अन् नुकसान ७२ तासांत कळवा. गावात लाइट नाही, मोबाइल बंद, कळवू कशावरून?

सक्करदरा_टॉप_गियर
गाडीच्या धाग्यात संत्री कुठून आली बे?

काटोलचा_संत्रावाला
नागपूरच्या धाग्यात संत्री नाही तर काय सफरचंदं येतील? तुमची गाडी पोच्यांसकट ऑफिसात जाते. डागी संत्र्याले व्यापारी हात लावत नाही.

सक्करदरा_टॉप_गियर
अरे पण विमा काढतानाच गारपिटीचा हप्ता भरायचा ना. नाही भरला तर कंपनीचा काय दोष?

काटोलचा_संत्रावाला
भरला होता भाऊ. माहीत नसताना कायले बोलता? एसीत बसून शेती शिकवू नका.

नरखेड_बागायत
दादा बरोबर बोलले. माझ्याकडे पंचनाम्याले आले तोवर पडलेली फळं सडली होती. म्हणे, ‘झाडावर तर दिसत नाही नुकसान.’ झाडावर कसं दिसन?

गॅरेजवाला_सदर
संत्र्यांचं दुःख मान्य, पण गाडीचं कामाचं सांगतो. गारा थांबल्या की फोटो काढा, कंपनीला कळवा, मगच गाडी गॅरेजला लावा. आधी डेंटरकडून ठोकून आणता आणि मग सर्व्हे मागता, तो बघणार काय? रोख घेऊन गाडी तशीच ठेवली तर पुढच्या क्लेमला तेच पॅनल कापणार. आणि आयडीव्ही फार खाली उतरवून घेऊ नका. खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती नाही, आयडीव्हीवरच हिशेब. क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर विमा लोकपाल, फुकट.

धरमपेठ_पेन्शनर
बरं बाबा, एनसीबीचा हिशेब बरोबर, खूश? खेटे घालायला तुम्ही येणार का ते तेवढं सांगा.

मानेवाडा_गियरबॉक्स
कालच्या पोस्टवाल्या भाऊंना एकच विचारतो. तुमचा क्लेम नेमका किती कापला?

हिंगणा_हायवे (मूळ पोस्ट यांचीच)
मी क्लेम लावलाच नाही. माझी नुसती थर्ड पार्टी आहे. जुन्या गाडीला फुल विमा कोण काढतो?

सक्करदरा_टॉप_गियर
थर्ड पार्टीत गारपीट येतच नाही बे! मग काल घसारा कशातून कापला, पेट्रोलच्या पावतीतून?

हिंगणा_हायवे
तत्त्व तेच आहे.

काटोलचा_संत्रावाला
तत्त्वाचा पंचनामा ७२ तासांत करून घ्या भाऊ.